आमचं पासे कोंपोझे झालं

पुण्यात मुलीने अकरावीला फ्रेंच घेतलं की ते घरात दोघी घेतात. मुलगी कागदोपत्री, आई मनापासून. अशी आई लिफ्टमध्ये भेटली की सहज "काय म्हणता?" विचारू नये. "आमचं पासे कोंपोझे झालं हो, फक्त इरेग्युलर राहिलेत," असं उत्तर येतं आणि तिसरा मजला काही येत नाही. फ्रेंचच का, तर स्कोअरिंग! संस्कृतही स्कोअरिंग, पण ते घेऊन पॅरिसला काय बोलणार? (पॅरिसला कोण निघालंय, हे विचारायचं नसतं.)

संध्याकाळी मेथी निवडता निवडता पासे कोंपोझेचं, म्हणजे फ्रेंचमधल्या भूतकाळाचं, पाठांतर चालतं.

"पिणे?"

"ब्यू."

"वाचणे?"

"ल्यू."

"पाहणे?"

"व्यू."

शेजारी समजतात, मांजरीला बोलावणं चाललंय.

"पाऊस पडणे?"

"प्ल्यू."

"आवडणे?"

"तेही प्ल्यूच!" मुलगी वैतागते.

"मग बरोबर आहे की. पहिला पाऊस कोणाला आवडत नाही?" आई काडी बाजूला टाकते.

जाणे, येणे, पडणे, जन्मणे, मरणे ही मंडळी भूतकाळात 'आव्वार' हे नेहमीचं सहायक क्रियापद सोडून 'एत्र'चा हात धरतात. ती लक्षात राहावीत म्हणून त्यांच्या आद्याक्षरांतून इंग्रजीवाल्यांनी 'डॉ. मिसेस व्हँडरट्रॅम्प' नावाच्या बाई घडवल्या. घरात त्यांचा इतका उल्लेख होतो, की एकदा आजींनी विचारलंच, "एवढी डॉक्टर बाई, शिकवण्या कशाला घेते गं?"

बारा हजार क्रियापदं चालवून दाखवणारं 'बेशरेल' हे पुस्तक घरी आलं, तेव्हा बाबा किंमत बघून "बेशरम!" एवढंच म्हणाले. ते फारसे लक्ष घालत नाहीत. एकदा घातलं, तर नेमकं कर्म आधी आलं की धातुसाधित त्याच्याप्रमाणे बदलतं, ते पान निघालं. क्लेमां मारो या कवीने सोळाव्या शतकात इटालियनवरून उचललेला हा नियम. "काय हा छळ!" बाबा म्हणाले.

आईने चष्मा कपाळावर चढवला. "आंबा खाल्ला, पोळी खाल्ली. तुम्ही कर्म बघूनच बोलता ना? त्यांना ते आधी आलं तरच दिसतं, एवढंच. आणि 'जा'चं 'गेला' कसं होतं, ते विचारलंत कधी?"

मुलगी बारावी होऊन इंजिनिअरिंगला गेली. फ्रेंच तिथेच सुटलं, तिचं. धाकट्याने आता जर्मन घेतलंय. परवा लिफ्टमध्ये आई खुशीत होती. "अहो, भूतकाळात मुख्य क्रियापद शेवटी टाकतात. अगदी आपल्यासारखं! आमचं होऊन जाईल दिवाळीपर्यंत."