तर्री आणि वायसर

नवरात्रात बालाजी महाराजांचा उत्सव सुरू झाला, की पारोळ्यात रस्त्याच्या कडेने खेळणी, भांडी, बांगड्या आणि गोडीशेवेची दुकानं लागतात. त्या रांगेत कुठेतरी फुग्यांचा एक फळा उभा राहतो. समोर लाकडी बाकडं आणि बाकड्यावर छऱ्याच्या बंदुका. या बाकड्यापाशी एक न्याय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. फुगा फुटला तर नेम आपला, नाही फुटला तर बंदूक वाकडी. शाळकरी पोरापासून सेवानिवृत्त हेडमास्तरांपर्यंत सगळे हाच कायदा पाळतात. नवीन लग्न झालेले जावईबापू तर जरा जास्तच कसोशीने पाळतात, कारण मागे मेव्हण्या उभ्या असतात.

फुगेवाल्या आप्पांचं उत्तरही ठरलेलं असतं. "बंदूक सरळ शे भाऊ, उभा ऱ्हायेल माणूस वाकडा शे."

खरं काय ते दोघांच्या मधे कुठेतरी असतं. आप्पांच्या बाकड्यापाशी रेंगाळण्याचा मला नाद आहे. फुगे फोडण्यात मला फार रस नाही. मी दुपारची वेळ गाठतो, कारण गिऱ्हाईक नसताना आप्पा बंदुका मांडीवर घेऊन साफ करत बसतात, आणि ते बघण्यासारखं असतं. तिथे बसून एक गोष्ट कळते. बंदूक वाकडी असली तरी फारसं बिघडत नाही. मागची खाच आणि पुढची माशी जुळवली, आणि दर वेळी छरा दोन बोटं डावीकडेच गेला, तर दोन बोटं उजवीकडे नेम धरायचा, झालं. खरी पंचाईत होते ती एकदा डावीकडे, एकदा वर आणि तिसऱ्यांदा फळ्याच्या कोपऱ्यात मारणाऱ्या बंदुकीची. ठरलेल्या स्वभावाच्या माणसाबरोबर संसार करता येतो. सकाळी एक आणि संध्याकाळी भलतंच, अशा माणसाबरोबर फार कठीण.

बंदुकीचा स्वभाव बिघडतो तो बहुतेक वेळा पोटातून. बाहेरून ती भारदस्त दिसते, पण आतलं यंत्र साधं आहे. नळी मधून मोडली, की आतली जाड स्प्रिंग दबते आणि दट्ट्या मागे जाऊन अडकतो. नळीच्या मागच्या तोंडात छरा बसवायचा आणि नळी सरळ करायची. चाप ओढला, की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, त्याच्यापुढची हवा दाबली जाते आणि बारीकशा भोकातून निघून छऱ्याला ढकलते. बंदुकीत हवा भरून ठेवलेली नसते. ती दर बाराला ताजी तयार होते. छरा शिशाचा, मधे कंबर बारीक असलेला, साडेचार मिलिमीटरचा. एवढ्याच मापाच्या आणि २० जूलपेक्षा जास्त जोर नसलेल्या हवाई बंदुकीला आपल्याकडे परवाना लागत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी ही हद्द घालून दिली आहे. जावईबापूंच्या इभ्रतीला मात्र या नियमांत कुठेही संरक्षण नाही.

या सगळ्या कारभाराचा मानबिंदू म्हणजे दट्ट्याच्या टोकाला बसवलेलं चामड्याचं वायसर. रुपयाच्या नाण्याएवढा तो चामड्याचा तुकडा हवा अडवून धरतो. तो सुकला की आक्रसतो, कडेने हवा निसटते, आणि छरा फळ्यापर्यंत जातो खरा, पण पाहुण्यासारखा. फुग्याला लागतो, फुगा हलतो, फुटत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, फुगे जाड आहेत. आप्पांना मात्र आवाजावरूनच कळतं. चांगल्या वायसरचा बार ठाशीव वाजतो, सुकलेल्याचा फुस्स.

उपाय सोपा आहे, तेल. इथेच आपला खानदेशी हात आडवा येतो.

आपल्या हाताला तेलाचं माप माहीत नाही. शेवभाजीवर बोटभर तर्री दिसली नाही, तर यजमानाच्या दानतीवर शंका घेणारी माणसं आपण. भरताच्या वांग्याला लेवा पाटलांच्या घरी किती तेल लागतं, ते मोजण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. मोजलं तर जेवण जाणार नाही. तेल म्हणजे माया, आणि माया हात आखडून करायची नसते, हे आपल्या रक्तात आहे. हाच हात बंदुकीवर चालला, की बंदूक धूर काढते.

ही अतिशयोक्ती नाही. दट्ट्यापुढची हवा इतक्या झपाट्याने दाबली जाते, की ती कमालीची तापते. तिथे फाजील तेल साचलेलं असलं, तर त्याची वाफ पेट घेते. मळ्यातलं डिझेल इंजिन ठिणगीवाचून ज्या कारणाने चालतं, तेच कारण इथे. बार फटाक्यासारखा वाजतो, नळीतून निळसर धूर येतो, पोरं खूश होतात, आणि छरा नेहमीपेक्षा जोरात जाऊन भलतीकडे लागतो. पुढच्या बाराला तेल कमी जळतं, छरा खाली लागतो. म्हणजे बंदुकीचा स्वभाव गेला. शिवाय त्या भडक्याने स्प्रिंगला आणि वायसरला धक्का बसतो तो वेगळाच. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं समजणारे लोक फक्त जत्रेतच असतात असं नाही, पण तो विषय निवडणुकीच्या वेळी काढू.

आप्पांची रीत वेगळी. हवेच्या भोकातून एक थेंब, फार तर दोन. मग बंदूक नळी वर करून रात्रभर भिंतीला टेकवून ठेवायची, म्हणजे तेल ओघळत वायसरपर्यंत पोचतं आणि चामड्यात मुरतं. "तेल टाकनं सोपं शे, मुरू देनं कठीण," आप्पा म्हणतात. अधिक बोलत नाहीत, कारण तोंडात तंबाखू असते.

कुठलं तेल, हा पुढचा वाद. विलायतेत चामड्याच्या वायसरसाठी गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल वापरायची जुनी पद्धत. ते थंडीतही पातळ राहतं आणि चामड्याला मऊ ठेवतं. आपल्याकडे घरात हाताला लागेल ते तेल घालायची पद्धत आहे, आणि प्रत्येक तेल आपापल्या परीने सूड उगवतं. शेंगदाण्याचं किंवा सरकीचं तेल हवेत हळूहळू चिकट होत जातं. तळणीच्या कढईच्या कडेला जो पिवळा राप बसतो आणि घासणारीचे हात दुखवतो, तोच राप बंदुकीच्या पोटात बसतो, आणि तिथे काथ्या घेऊन कोणी जात नाही. खोबरेल तर खानदेशच्या हवेशी उघड वैर धरून आहे. चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली ते थिजायला लागतं, आणि धुळे-जळगावकडे पौषातल्या पहाटे पारा दहाच्याही खाली उतरतो. ज्याने दिवाळीत बंदुकीला खोबरेल पाजलं, त्याची बंदूक संक्रांतीला कण्हत उठते.

राहिलं शिलाई मशीनचं तेल. हे आपल्या घराघरातलं सर्वमान्य औषध, दाराच्या बिजागरीपासून सायकलच्या साखळीपर्यंत सगळ्यांना लागू पडणारं. बंदुकीच्या बिजागरीला, चापाच्या खिळीला आणि बाहेरच्या लोखंडाला ते उत्तम. वायसरच्या पुढे, जिथे हवा दाबली जाते, तिथे मात्र नको. एकाच बंदुकीत एका बोटाच्या अंतरावर एक जागा तेल मागते आणि दुसरी तेलाने बिघडते. लोखंडावर लोखंड घासतं तिथे तेल हवं. नळीत मात्र कोरडं फडकं किंवा कापसाचा बोळा, तोही मागच्या तोंडाकडून घालून पुढे काढलेला. लोखंडी गज खुपसून नळी साफ करणाऱ्याने तिच्या आतले बारीक आटे खरवडले, तर कुठलंही तेल ते परत आणून देत नाही.

आणि धूळ. काळ्या मातीची आमची धूळ दिसायला मऊसूत असते, पण तेलकट लोखंडावर बसली, की तिचा घासणारा लेप होतो. उत्सवात बालाजींच्या रथाच्या दिवशी गर्दीच्या पायांनी जी उडते ती सगळी आप्पांच्या बंदुकांवर उतरते. म्हणून तेल लावल्यावर ते पुसून काढायचं. लावायचं आणि लगेच पुसायचं, हे ऐकायला खुळेपणाचं वाटतं. पण पुसल्यावर जेवढं मागे राहतं, तेवढंच हवं असतं.

आता त्याच जत्रेत, आप्पांच्या शेजारच्या दुकानात, बंदुकीची धाकटी भावंडंही आली आहेत. प्लॅस्टिकची बंदूक आणि सहा मिलिमीटरच्या पिवळ्या गोळ्या. हिचं थोरल्या घरातलं नाव एअरसॉफ्ट. खऱ्या बंदुकीवर कडक बंदी असलेल्या जपानात हा खेळ वाढला. पुण्या-मुंबईकडे चुलत भावांच्या पोरांकडे याच जातीच्या बॅटरीवर चालणाऱ्या, महागड्या बंदुका दिसतात. तिथेही रडगाणं तेच. या बंदुकीत चामडं नाही, रबर आहे, आणि खनिज तेलाने रबर फुगतं, नासतं. तिला सिलिकॉनचं तेल लागतं, दातेरी चाकांना ग्रीस. चांगल्या बंदुकीच्या नळीत वरच्या बाजूला रबराचा बारीकसा उंचवटा असतो. तो गोळीला जाता जाता उलटी गिरकी देतो, आणि त्यामुळे गोळी हवेत जास्त वेळ तरंगत सरळ जाते. हौसेने त्या रबराला तेल लावलं, की गोळी सटकते, गिरकी चुकते आणि दर बाराला नवी दिशा धरते. पोरं मातीत पडलेल्या गोळ्या गोळा करून पुन्हा भरतात, तीही एक काटकसर नळीच्या जिवावर उठलेली असते. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय मात्र हा खेळ पोरांच्या हाती देऊ नये. डोळ्याला वायसर बदलून मिळत नाही.

देखभालीच्या कटकटीपुढे मोठमोठे हरले आहेत. पारोळ्याचा भुईकोट १७२७ साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदरांनी बांधला. तो पन्नाशी ओलांडत होता तेव्हा, १७८० च्या सुमारास, ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिरार्दोनी नावाच्या कारागिराची हवेवर चालणारी बंदूक घेतली होती. दारू नाही, धूर नाही, आणि एकामागून एक वीसेक गोळ्या. त्या काळात हे नवल होतं. पण तिच्या हवेच्या भांड्याची चामडी जोडणी सतत ओलसर ठेवावी लागे, भांडं भरायला शेकड्यांनी पंप मारावे लागत, आणि बिघडली तर दुरुस्त करणारा सहज मिळत नसे. शेवटी सैन्याने ती बाजूला ठेवली. अचाट बंदूक होती, वायसर सांभाळणारे आप्पा पलटणीत नव्हते. इकडे आमच्या किल्ल्याची देखभाल इंग्रजांनीच थांबवली. सत्तावनच्या उठावानंतर जहागीर जप्त झाली आणि किल्ला मोडकळीला आणला गेला. आज खंदकाकडे बघितलं, की तेल न मिळालेल्या वस्तूचं काय होतं ते समजतं.

दुसरं टोक ऑलिंपिकचं. दहा मीटरवरच्या हवाई रायफलीच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छऱ्याहून कितीतरी लहान. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने या प्रकारात सुवर्ण मिळवलं. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्य आणलं, ते पन्नास मीटरच्या काडतुसी रायफलीवर. असे नेमबाज बंदूक वाकडी म्हणून सुटू शकत नाहीत. ते आपली रायफल स्वतः पुसतात, तिची चूक कुठे जाते ते पाठ करतात आणि मग नेम धरतात. आप्पा ऑलिंपिकला गेले नाहीत, पण रीत तीच.

आप्पांचा आणखी एक नियम. फळा उतरवला, की बंदूक ताणलेली ठेवायची नाही. दट्ट्या मागे अडकवून रात्रभर ठेवला, तर स्प्रिंग हळूहळू आपला जोर विसरते. आणि छरा न घालता नुसता चाप ओढून बघायची गिऱ्हाइकांची खोडही त्यांना चालत नाही. पुढे छरा नसला, की दट्ट्याला टेकायला दाबलेली हवा मिळत नाही आणि तो लोखंडावर जाऊन आदळतो. काम नसताना ताणून ठेवणं आणि काम नसताना आपटणं, दोन्हींनी यंत्र लवकर म्हातारं होतं. पारोळ्यातल्या काही कचेऱ्यांत हे वाक्य फ्रेम करून लावायला हरकत नाही, असं मला वाटतं. आप्पांना तसं वाटत नाही. ते म्हणतात, फ्रेमलाही धूळ बसते.

तर येत्या खंडेनवमीला घरात छऱ्याची बंदूक असली, आणि खानदेशात अनेक घरांत आजोबांची एखादी कोनाड्यात असतेच, तर तिची पूजा जरूर करा. पण आधी ती रिकामी आहे हे बघा, नळी कोणाकडेही वळवू नका, आणि कोरड्या फडक्याने तिला नीट पुसून घ्या. बोटांच्या घामातलं मीठ लोखंड खातं आणि पूजेचं पाणीही तेच करतं. म्हणून हळदकुंकू लाकडी दस्त्याला वाहा आणि लोखंडाला पुसट तेलाचा हात. पोटात एकच थेंब. त्यानंतरही फुगा फुटला नाही, तर चूक निदान दर वेळी एकाच बाजूला जाईल, आणि एका बाजूला जाणारी चूक दुरुस्त करता येते. उरलेलं तेल भाजीत घाला, तिथे ते कमी पडतं असं आमच्याकडे सर्वांचंच मत आहे.