पहिला शून्य माझा, दुसरा दिल्लीचा

इंटरकॉमवाले भाऊ माणसाला नावानं ओळखत नाहीत. राळेगावच्या बसस्टँडवर जिनिंगचे मुनीमजी समोरून आले की भाऊ तोंडानं रामराम म्हणतात आणि मनात 2104 म्हणतात. ग्रेडर चहाच्या टपरीवर दिसला तर विचारतात, “आज 2203 इकडे कसा काय?” कुणी निवृत्त झाला की तो ‘रिकामा झाला’. आणि एखादा हिशेबनीस देवाघरी गेला, तर त्याचा नंबर वर्षश्राद्धापर्यंत ते कुणाला देत नाहीत. नवा पोऱ्या बिनफोनाचा बसून राहतो, शेठ ओरडतात, भाऊ ऐकत नाहीत. “लोकाईच्या बोटात तो नंबर हाय अजून,” म्हणतात. “उद्या कोणी सवयीनं फिरवला अन् दुसराच बोलला, तं कसं वाटन त्याले?”

हा माणूस राळेगावपुरताच आहे असं मात्र समजू नका. चार टेबलं आणि दोन टेलिफोनच्या लायनी असतील तिथं तो असतोच. वणीत असतो, दारव्ह्यात असतो, पुण्यातल्या एखाद्या बँकेच्या तळघरात टाय लावूनही असतो. पण त्याचं अस्सल रूप पाहायचं असेल तर कापसाच्या हंगामात राळेगावला यावं. रेचे धडधडत असतात, हवेत रुई तरंगत असते आणि भिंतीवरच्या लोखंडी पेटीत डोकं खुपसून एक गृहस्थ उभे असतात. खिशाला पेनाच्या जागी क्रोन टूल, खांद्यावर जंपर वायरचं भेंडोळं, कानाशी टेस्ट फोन. डोक्यावर रुई इतकी, की त्यातले पिकलेले केस कोणते हे अंघोळीनंतरच कळावं.

भाऊंचा हात बसला तो सी-डॉटच्या 128 लाइनींच्या एक्स्चेंजवर. वातानुकूलित खोलीशिवाय, धुळीत, खेड्यात चालावं म्हणून मुद्दाम घडवलेलं हे देशी यंत्र 1986 साली पहिल्यांदा कर्नाटकातल्या कित्तूरला लागलं. बाकीचं जग कित्तूरचं नाव राणी चेन्नम्मासाठी घेतं, भाऊ एक्स्चेंजसाठी घेतात आणि घेताना हात जोडतात. त्या दिवसांपासून त्यांचा एक सिद्धांत आहे: माणसाचं नशीब कुंडलीत असेल नसेल, फोनचं पहिल्या आकड्यात असतं.

यात थट्टेचं काही नाही, यंत्राची रीतच तशी आहे. तुम्ही पूर्ण नंबर दाबून होईपर्यंत एक्स्चेंज वाट पाहत बसत नाही. पहिला आकडा पडला की त्याचा विचार सुरू. शून्य आला तर बाहेरची लाइन द्यायची, नऊ आला तर ऑपरेटर, दोन आला तर आतलाच कुणीतरी. आणि एक? “एकाले हात लावाचा नाई,” भाऊ बजावतात. “एक सरकारचा हाय. 100 पोलीस, 101 आग, 108 अँब्युलन्स.”

नेमका शेठना आपल्या केबिनसाठी 101 हवा होता. शकुनाचा आकडा. आपण आहेरसुद्धा 100 देत नाही, 101 देतो.

“द्यायले काई हरकत नाई,” भाऊ म्हणाले. “पण शेठ, उद्या सरकीच्या ढिगाले आग लागली अन् गड्यानं घाबरून 101 फिरवला, तं उचलन कोण?”

“कोण?”

“तुम्ही. अन् तुम्ही काय पाण्याचा बंब हाय का?”

शेठ गप्प झाले. 2018 साली टी-1 वाघिणीनं या तालुक्याची झोप उडवली होती, पण जिनिंगवाला वाघापेक्षा ठिणगीला जास्त भितो. भाऊंनी 101 हा बिनशून्याचाही थेट बाहेर पडेल अशी सोय केली आणि शेठना 2100 दिला. “गोल आकडा हाय, वजनदार वाटते,” अशी समजूतही घातली.

दुसरा सिद्धांत याहून कडक: एक नंबर दुसऱ्या नंबराचं डोकं असता कामा नये. भाऊंच्या आधीच्या कुण्या मेकॅनिकनं गेटला नुसता 2 दिला होता आणि कारकुनांना 21, 22, 23. कुणीही 23 फिरवायला घेतला की पहिल्या दोनावरच गेटची घंटी वाजायची आणि चौकीदार ‘हालू’ म्हणायचा. मग कुणीतरी शहाण्यानं एक्स्चेंजला दोनानंतर चार सेकंद थांबायला लावलं. त्यानं कारकून लागू लागले, पण गेट लागेना. दोन दाबून चार सेकंद शांतता ऐकण्याइतका धीर राळेगावात कुणाला आहे? लोक ‘डेड हाय’ म्हणून ठेवून द्यायचे.

हा नियम भाऊ घरीही चालवतात. त्यांच्या भावाच्या थोरल्या मुलाचं नाव राम. धाकट्याच्या बारशाला आत्यानं नाव काढलं रामदास. पाळण्यापाशी बाया गोळा झालेल्या, कुंची घातलेलं बाळ, घुगऱ्या तयार, आणि भाऊ मधेच उठले. “जमत नाई. रामदासले हाक मारली की ‘दास’ निघाच्या आधी राम येऊन उभा राहीन.” आत्या म्हणाली, “फोन हाय का बावा हा? पोरगा हाय!” नाव रामदासच राहिलं. आज त्या घरात कुणी ‘राम’ म्हटलं की थोरला लगेच ओ देत नाही, पुढं काही येतंय का याची वाट पाहतो, मगच उठतो. वहिनी म्हणतात पोरगा मंद आहे. भाऊ म्हणतात टायमर आहे.

त्यांच्या आयुष्यातलं महाकाव्य म्हणजे शेठच्या चार ठिकाणचे फोन एकत्र जोडणं. राळेगावचं जिनिंग, हिंगणघाटचं प्रेसिंग, वणीची खरेदी आणि मुंबईला कॉटन ग्रीनमधली दोन टेबलांची कचेरी. प्रत्येक ठिकाणी वेगळं एक्स्चेंज आणि प्रत्येक एक्स्चेंजमध्ये एक 21 नंबर. म्हणजे चार 21, चौघेही हेडक्लार्क, चौघांनाही वाटायचं की खरा 21 आपणच. हिंगणघाट हवं असेल तर आधी लिंकचा कोड दाबायचा, तिकडचा टोन ऐकायचा, मग तिकडचा 21. मधला टोन न ऐकता घाई केली की आपल्याच शेजारच्या टेबलावर घंटी वाजायची आणि दोन हातांवरचे दोघे एकमेकांना फोनवर ‘हिंगणघाट का?’ विचारायचे.

भाऊंनी सगळ्यांना चार आकडी नंबर द्यायचं ठरवलं. पहिला आकडा गावाचा, दुसरा खात्याचा, शेवटचे दोन माणसाचे. राळेगाव 2, हिंगणघाट 3, वणी 4, मुंबई 5. तीनानं सुरू होणारा नंबर राळेगावच्या यंत्रानं पाहिला की त्यानं तो मुकाट्यानं हिंगणघाटच्या लाइनीत सोडायचा, मधे टोन नाही, कोड नाही. कागदावर अर्ध्या तासाचं काम. प्रत्यक्षात बैठकीवर बैठका झाल्या. हिंगणघाटचे व्यवस्थापक म्हणाले, आमची बाजारपेठ केवढी, विदर्भात नाव, आणि आम्ही राळेगावच्या मागं तीन? मुंबईचा कारकून म्हणाला, मुंबई शेवटी असते का कुठे? वणीवाले बोलले नाहीत, पण त्यांनी चहा घेतला नाही, आणि आमच्याकडे चहा नाकारणं म्हणजे नोटीस देणं.

भाऊंनी तोड काढली. “बोंड कुठी फुटते? राळेगावच्या वावरात. म्हणून दोन. गाठ कुठी बांधल्या जाते? हिंगणघाटले, म्हणून तीन. अन् सौदा मुंबईले होते, कापूस विकून झाल्यावर. म्हणून शेवटी.” मग वणी चार का, असं वणीवाल्यांनी विचारलं नाही, कारण ते रुसलेले होते. भाऊंना तेवढं पुरलं.

दुसरा आकडा मात्र त्यांनी सगळीकडे सारखाच ठेवला. 0 गेट, 1 कचेरी, 2 काटा आणि ग्रेडर, 3 मशीन. मुंबईच्या दोन टेबलांना काटा नाही, रेचा नाही, गेटसुद्धा नाही, बिल्डिंगची लिफ्ट आहे. तरी 5200 पासून 5299 पर्यंतचे शंभर नंबर काट्यासाठी राखून ठेवलेत. “उद्या त्याईनं काटा बसवला तं?” असं भाऊ विचारतात. कॉटन ग्रीनमध्ये चौथ्या मजल्यावर कापसाची बैलगाडी तोलायची वेळ आली, तर फोनची अडचण येणार नाही एवढं नक्की.

याच जोडणीत भाऊंचा शेठशी एकदाच मोठा खटका उडाला. गोष्ट एसटीडी महाग होती तेव्हाची. मुंबईची खासगी लाइन तर घेतलेलीच होती, तेव्हा शेठच्या डोक्यात गणित आलं. राळेगावात बसून आतल्या आत मुंबईचं यंत्र गाठायचं, तिथला शून्य दाबायचा आणि अख्ख्या मुंबईला लोकल दरात फोन करायचे. यंत्राला हे सहज येत होतं, चार ओळींचं प्रोग्रामिंग. भाऊ नाही म्हणाले. दूरसंचार खात्याच्या नियमात ते बसत नव्हतं. खासगी लाइनीवरून आलेला कॉल सरकारी जाळ्यात सोडून दराला बगल द्यायला मनाई होती. या भारतीय नियमापायी पुढं परदेशी कंपन्यांनीही आपल्या यंत्रात खास भिंत घालायची सोय केली. “आतल्या आत बोला शेठ, दिवसभर बोला,” भाऊ म्हणाले. “पण ह्या दोन लाइनींची गाठ मी नाई बांधत.” शेठनी दुसरा माणूस आणायची धमकी दिली. तालुक्यात दुसरा माणूस नव्हता. मग 1 मार्च 2006 ला बीएसएनएलची वनइंडिया योजना आली, देशात कुठंही एक रुपया मिनिट, आणि शेठ हळहळले की आता पाप करण्यातही काही उरलं नाही.

पण भाऊंचा खरा सण म्हणजे 15 जानेवारी 2021. संक्रांतीचा दुसरा दिवस, किंक्रांत. राज्यभर ग्रामपंचायतींचं मतदान. आणि त्याच दिवसापासून, लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावायचा, असा दिल्लीचा हुकूम अमलात आला.

आता झालं होतं असं, की तालुक्यातल्या अर्ध्या कचेऱ्यांत भाऊंनीच एसटीडी बंद केलेली होती. पद्धत साधी: बाहेरची लाइन मिळाल्यावर पुढचा आकडा शून्य आला की कॉल कापायचा. गावातले फोन चालू, महाराष्ट्रातले मोबाइल चालू, एसटीडी बंद. वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं. किंक्रांतीच्या सकाळी मात्र शून्याशिवाय मोबाइल लागेना, आणि शून्य लावला की भाऊंचं यंत्र कापून टाकी. इकडे कुणाला मतदाराला आणायला जीप पाठवायची होती, कुणाला जीप पोचली का ते विचारायचं होतं. भाऊंचा फोन दिवसभर वाजत राहिला.

“एक शून्य लावला ना भाऊ!”

“तो माझा. लाइन घ्याचा. आता दुसरा लावा.”

“तो कोणाचा?”

“दिल्लीचा.”

लोकांनी हे कॅलेंडरवर लिहून घेतलं: पहिला शून्य भाऊंचा, दुसरा दिल्लीचा. एका सावध हेडक्लार्कनं तिसराही लावला, असू द्या म्हणून. लाइन मिळाल्यावर दोन शून्य म्हणजे परदेश, आणि परदेशाला तर भाऊंनी जन्मापासून कुलूप घातलेलं.

कुलूप सैल करणं सोपं नव्हतं. इतर राज्यांतल्या मेकॅनिकांचं काय झालं असेल कोण जाणे, विदर्भात मात्र पेच होता. आमचे एसटीडी कोड सातावर सुरू होतात: नागपूर 0712, यवतमाळ 07232, राळेगाव 07202. आणि पुष्कळ मोबाइलही सातानंच सुरू होतात. म्हणजे 07 दिसला की हा नागपूरचा लँडलाइन की पारव्याच्या पोराचा मोबाइल, हे यंत्राला पहिल्या दोन आकड्यांवरून कळणार कसं? भाऊंनी जुनी डिरेक्टरी काढली आणि विदर्भातले कोड एकेक करून बंदीच्या यादीत घातले. कमरेचं दुखणं वाढलं, पण चेहऱ्यावर तेज आलं. या एका शून्यामुळं देशात 254 कोटी नवे नंबर मोकळे होणार, असं नियामक संस्थेनं म्हटलं होतं, आणि भाऊ हा आकडा असा सांगतात की ते सगळे त्यांच्या वावरातून निघाले.

मोबाइलबद्दल त्यांना आदर नाही. “नावावर बोट ठेवलं की लागते. त्याले काय अर्थ हाय?” असं म्हणून ते आपल्या मोबाइलमध्येही बायकोचं नाव ठेवत नाहीत, नंबर पाठ करतात. बायकोला यात प्रेम दिसतं. असेलही.

एवढ्या सगळ्या मांडणीनंतर चार गावांतले लोक एकमेकांना कसे फोन करतात, हे भाऊंना एक्स्चेंजमधून निघणाऱ्या कॉलच्या यादीवरून कळलं. सगळे गेटला करतात. हिंगणघाटला मुनीमजी हवे असतील तर 2104 नाही, 2001. मुंबईला ग्रेडर हवा असेल तरी 2001. चौकीदार उचलतो, रिसीव्हर खाली ठेवतो, आवारात येऊन एक आरोळी मारतो आणि हवा तो माणूस कापसाच्या गंजीमागून, संडासातून, जिथं असेल तिथून धावत येतो. मुनीमजी टेबलावर असतात कधी?

भाऊंनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी, कुणाला न सांगता, गेटचा 2001 काढून त्यांनी 2047 केला आणि लपून यादीची वाट पाहत बसले. 2001 फिरवणाऱ्याला नुसती टूं-टूं. आता झक मारत थेट नंबर लावतील.

चौकीदाराला तासाभरात संशय आला की आज आपल्याला कुणी विचारत नाही. त्यानं ऑपरेटरकडून आपला नवा नंबर काढला. मग भाऊंनी भिंतीला चिकटवलेली आणि आजवर कुणी न वाचलेली चार गावांची यादी त्यानं पहिल्यांदा वाचली, वरून खाली, बोट ठेवून. आणि राळेगाव, हिंगणघाट, वणी, मुंबई करत एकेकाला थेट चार आकडी नंबरावर फोन लावून सांगितलं, “गेट आता 2047 वर हाय, ध्यानात ठेवजा.”

त्या दिवसाची यादी भाऊंनी जपून ठेवली आहे. सगळे एक्स्टेन्शन लागलेले, सगळे पहिल्या झटक्यात, एकही कॉल चुकलेला नाही. नवं गिऱ्हाईक आलं की ते बॅगेतून ती काढतात, उलगडून टेबलावर पसरतात आणि म्हणतात, “हे पाहा, आमच्या कामाचा नमुना.”