शिंगं मोडा, वासरांत सोडा
गेममधल्या पात्राचं वय कमी करायला अक्कल लागत नाही, धीर लागतो. साहित्यही घरात सापडेल असंच: तिशीला टेकलेलं एक लोकप्रिय पात्र, एक खोडरबर आणि मीटिंगमध्ये दर दहा मिनिटांनी 'तरुण वर्ग, तरुण वर्ग' करणारा एक माणूस. पात्र शक्यतो दुसऱ्याने घडवलेलं घ्या. स्वतःच्या पात्राचं वय खोडताना हात अडखळतो.

सरावाला 'टूम रेडर' ह्या गेममालिकेची नायिका लारा क्रॉफ्ट उत्तम. तिच्यावर हा प्रयोग दोनदा होऊन गेलाय, त्यामुळे नवं काही बिघडण्याची भीती नाही.

आधी मूळ माल नीट पाहून घ्या. 1996 साल, इंग्लंडातल्या डर्बी शहरातली कोअर डिझाइन ही कंपनी, आणि पहिल्या 'टूम रेडर'मध्ये लाराचा पहिलाच प्रसंग चक्क कलकत्त्यातल्या हॉटेलात. डोळ्यांवर काळा चष्मा लावून लारा निवांत बसलीय. लार्सन नावाचा एक आडदांड गडी लगट करायला येतो, त्याला ती टोला देते. मग लॅपटॉपच्या पडद्यावरून नाटला नावाची धनाढ्य बाई कामाचं बोलू लागते. लारा तिला सांगते की पैशाचं सोडा, मी हे हौस म्हणून करते. तेव्हाच्या तंत्रात चेहऱ्यावर धड भुवई उचलता येत नव्हती, तरी बाई काय चीज आहे ते तेवढ्यात कळतं. जन्मतारखेच्या हिशेबाने ती तेव्हा 28 वर्षांची.

आता तिची जुनी जन्मकथा उघडा. खानदानी उमरावाची मुलगी, स्वित्झर्लंडातल्या शाळेत घासूनपुसून तयार केलेली, श्रीमंत घरात लग्न जवळपास ठरल्यासारखं. स्कीइंगहून परतताना विमान हिमालयात कोसळतं, ती एकटी वाचते आणि दोन आठवड्यांनी चालत एका गावात पोचते. घरी परतल्यावर तिला तो दिवाणखाना सोसवत नाही. वय 21. ह्या आकड्याखाली पेन्सिलीने रेघ मारा.

पहिला हात 2006 च्या 'लेजंड'मध्ये मारला गेला. नवी कंपनी, क्रिस्टल डायनॅमिक्स. हिमालय तोच, विमान पडणं तेच, फक्त 21 खोडून 9 लिहिले आणि शेजारच्या सीटवर आई बसवली. आई गूढरीत्या नाहीशी होते, पोर दहा दिवस डोंगर तुडवत काठमांडूला पोचते. आता गंमत बघा. एकविसाव्या वर्षी ठरलेल्या लग्नाकडे पाठ फिरवता येते. नवव्या वर्षी काय सोडणार? त्या वयात माणसाच्या हातून फक्त काहीतरी जातं. जिने आयुष्य निवडलं होतं, तिच्यावर ते कोसळलं. पुढे 2008 च्या 'अंडरवर्ल्ड'पर्यंत ती आईलाच शोधत होती. हौस म्हणून थडग्यात उतरणाऱ्या बाईला सबळ कारण मिळालं आणि हौस मेली. (कारणाने पात्र 'खोल' होतं असं मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या, चहा मागवा.)

दुसरा हात जरा जोरात. 2013 सालच्या गेममध्ये गोष्ट घडतानाच लारा 21 वर्षांची आहे. जपानजवळच्या यामाताई बेटावर जहाज फुटतं, सुरुवातीलाच तिच्या कुशीत लोखंडी सळई घुसते, भूक भागवायला हरीण मारताना जीव तुटतो, पहिला माणूस मारल्यावर ती ढसाढसा रडते. इथवर झकास, मलाही तो भाग आवडला होता. अडचण पुढच्या अर्ध्या तासात येते. माणूस मारून हादरलेली पोर पाठोपाठ डझनभर माणसं टिपते, कारण बटणं आपल्या हातात असतात आणि आपल्याला डोक्यात नेम धरायची वीस वर्षांची सवय. तिचा थरकाप फक्त सिनेमासारख्या दृश्यांत राहतो. ह्यावर उपाय करत बसू नका, गेम लांबतो.

वय उतरलं की पालक लागतो, तेव्हा रॉथ नावाचा एक जाणता पुरुष सोबत द्या आणि योग्य वेळी त्याला मारा. वडील आधीच वारलेले ठेवा. 2015 च्या भागात त्यांच्या अर्धवट संशोधनामागे तिला सायबेरियात धाडता येईल, 2018 च्या भागात पुन्हा त्यांच्याच मृत्यूचा हिशेब. तीन गेम झाले तरी मुलगी 'घडतेच' आहे, हे जाहिरातीला बरं पडतं.

एक पथ्य मात्र पाळा: 1999 चा 'द लास्ट रेव्हलेशन' शिकाऊंनी बघू नये, मन विचलित होतं. त्यात सुरुवातीला लारा अवघी 16 वर्षांची आहे. 1984 साल, अंकोरवाट, सोबत गुरू वेर्नर फॉन क्रॉय. गुरुजी हुकूम सोडतात, ही उलट उत्तरं देते, धोक्याच्या जागी आधी उडी मारून मोकळी. कोरलेला इशारा वाचून ती सांगते, हात लावू नका. ते लावतात आणि सापळ्यात पाय अडकून बसतात. ही पळ काढते. पुढचा सगळा गेम त्या अढीवर उभा आहे. वय बारा वर्षांनी खाली, आणि टाचणीएवढाही स्वभाव गळलेला नाही. असं जमायला पात्र आधी ओळखीचं असावं लागतं, त्यात फार वेळ जातो.

उरलं जुन्या चाहत्यांचं. त्यांच्यासाठी लाराची दोन पिस्तुलं कपाटात जपून ठेवा. सगळ्यात शेवटी, मुख्य खलनायकाला संपवताना, क्षणभर ती तिच्या दोन्ही हातांत द्या. लोक टाळ्या वाजवतील. पुढच्या गेममध्ये परत काढून घ्या.