आयफोनचं नागरिकत्व

युरोपीय संघाने कायद्याचा बडगा दाखवला, तेव्हा कुठे मार्च 2024 मध्ये अ‍ॅपलने आपल्या अंगणात दुसऱ्यांना दुकान मांडू दिलं. तिथल्या आयफोनवर अ‍ॅप्स आता परक्या स्टोअरमधूनही घेता येतात. अट एवढीच, खातं संघातल्या देशाचं हवं आणि देहही तिथेच हवा. ही तपासणी फोन स्वतःच करतो. मालकाची चुगली करायला त्याला वेगळा पगार लागत नाही. जिनिव्हाकर चार पावलं चालून फ्रान्समध्ये गेला तरी उपयोग शून्य, कारण खातं स्विस! (स्वित्झर्लंड युरोपच्या मधोमध आहे, पण संघात नाही. भूगोलाचं अ‍ॅपलला काय?)

म्युनिकचा मराठी इंजिनिअर सुट्टीला पुण्यात आला, तर आधी घेतलेली अ‍ॅप्स उघडतात. नवीन मिळत नाहीत. अपडेट मात्र 30 दिवसांपर्यंतच. सुतक दहा दिवसांत फिटतं, हे महिना उलटल्यावर लागतं. कारण विचाराल तर अ‍ॅपलला काळजी तुमच्या सुरक्षिततेची. एकतिसाव्या दिवशी अपडेट रोखून ती नेमकी कशी वाढते, हे कंपनीच जाणे. तेव्हा आई म्हणाली, "अजून आठ दिवस राहा रे," तर आधी तिला नियमावली वाचून दाखवावी.