थोडी हवा पाहिजे

आमच्या भागात नुसतं ‘इंजिन’ म्हटलं की कृष्णाकाठचं पाण्याचं इंजिन. त्याचं आणि हवेचं वैर मी लहानपणापासून बघत आलोय. डिझेलच्या नळीत हवा शिरली की ते आचके देत बंद पडायचं. मग ‘एअर काढायला’ मिस्त्री यायचे, नट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यायचे, आणि इंजिन पुन्हा भकभक करत सुरू व्हायचं. त्यामुळे साताऱ्याचा भाचा दिवाळीच्या सुट्टीत हातभर लांबीची रिमोटची मोटार काखेत मारून सांगलीला आला आणि म्हणाला, “मामा, इंजिनात हवा वाढवायचीय,” तेव्हा हे पोरगं उलटं बोलतंय असंच मला वाटलं.

मोटार सेलवरची नव्हती. लिंबाएवढं खरं इंजिन, साडेतीन सीसीचं, टू-स्ट्रोक. प्लगमध्ये ठिणगी पडत नाही. प्लॅटिनमची बारीकशी तार एकदा तापवून दिली की पुढे आपली आपण लाल राहते. इंधन म्हणजे मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन, आणि वंगण म्हणून त्यातच मिसळलेलं एरंडेल. त्या वासाने माझ्या पोटात पन्नास वर्षांपूर्वीचा रविवार ढवळून निघाला. नाक दाबून, वर गुळाचा खडा देऊन, आजी हेच पाजायची. तेव्हा आम्हीही पुष्कळ वेगाने धावत असू.

मी निवृत्त गणित मास्तर. हिशोब केल्याशिवाय चैन पडत नाही. पूर्ण वेगात इंजिनाचे मिनिटाला तीस हजार फेरे. दर फेऱ्याला साडेतीन घन सेंटिमीटर धरले तर मिनिटाला शंभरावर लिटर हवा झाली. स्वस्थ बसलेल्या माणसाला सात-आठ लिटर पुरते. म्हणजे पारावरची अख्खी मंडळी जेवढा श्वास घेतात तेवढा हे लिंबू एकटं घेतं, आणि बोलतंही तेवढंच.

तर एवढ्या श्वासाला नाकही मोठं हवं, असं भाच्याचं म्हणणं. त्यासाठी त्याने लालभडक ॲल्युमिनियमचा कर्णा मागवला होता. कार्बोरेटरच्या तोंडावरचा स्पंजचा फिल्टर काढायचा, तिथे हा बसवायचा. गाडी धावली की समोरची हवा आपोआप कोंबली जाते. मी पुन्हा कागद घेतला. ताशी साठ किलोमीटरने गाडी पळाली तरी कर्ण्यात दाब वाढणार हजारात जेमतेम दीड भाग. सांगलीहून महाबळेश्वरला नेली तर नुसत्या चढणीपायी हवा आठेक टक्के विरळ होते; तो खड्डा हा कर्णा काय बुजवणार? शिवाय पेट्रोलला वजनाच्या साडेचौदा पट हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा पट, आणि नायट्रोमिथेनला दोन पटही नाही, कारण ते आपला प्राणवायू डब्यात बांधूनच आणतं. भाच्याने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “मामा,” तो म्हणाला, “पण दिसतं कसलं भारी!”

यावर मास्तराकडे उत्तर नसतं. आणि खरं सांगायचं तर आमच्या मातीला हा नाद जुनाच आहे. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना उभा केला. औंध साताऱ्यात, किर्लोस्करवाडी सांगलीत, त्यामुळे हा मामा-भाच्याचाच व्यवहार म्हणायचा. तिथून जवळच देवराष्ट्रे. तिथल्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. २०२२ च्या जानेवारीत आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. पण हे लांबण लावलं तर एरंडाचं गुऱ्हाळ व्हायचं.

कर्णा बसला. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी सुटली. पहिल्या फेरीला कानठळ्या, दुसरीला धुळीचा लोट, तिसरीला आवाज चिरका झाला आणि चौथीला सगळं गप. आम्ही दोघं आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी तळहातावर इंजिन उलटंपालटं केलं, फ्लायव्हील बोटाने फिरवलं.

“मास्तर, ह्येला रिंगच न्हाई की वो!”

नव्हतीच. असल्या इंजिनात पिस्टनला रिंग नसते. निमुळत्या स्लीव्हमध्ये तो नुसत्या घट्टपणावर दाब धरतो. म्हणजे धुळीचा कण आत गेला की कानसच फिरली.

“स्पंज कुटं हाय?” त्यांनी भाच्याला विचारलं. “रॉकेलनं धू, तेलात भिजीव, पिळ आन् घट्ट बांध. माणसानं नाकातली केसं उपटून पळायला लागावं, तसं केलंयस तू.”

इंजिन वाचलं. जरा सैल झालंय, सुरू व्हायला कुरकुरतं, पण चालतं. भाचा स्पंज लावून साताऱ्याला परत गेला. कर्णा मिस्त्रींच्या टेबलावरच राहिला.

गेल्या आठवड्यात बाजारात मिस्त्री भेटले. त्यांच्या म्हाताऱ्या एम-एटीच्या बाजूला, गुडघ्यापाशी, लालभडक कर्णा चमकत होता. मी नुसतं बघितलं.

“कशालाच जोडलेला न्हाई, मास्तर,” ते घाईघाईने म्हणाले. “इंजिनाला काय तरास न्हाई.” मग किक मारता मारता जरा लाजले. “उगं आपली थोडी हवा.”