३७ दिवसांचा आसरा

लेकीकडे न्यूकॅसलला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात मी जाहीर करून टाकलं, "यांचे किल्ले म्हणजे टेकाडावरचे वाडे. तोरणा चढलेल्या माणसाला त्याचं काय कौतुक!" तोरणा चढलो तो १९८९ साली आणि सिंहगडाला अलीकडे गेलो तो जीपने, पिठलं-भाकरी खायला, हे सांगायचं राहून गेलं.

त्यामुळे डरहॅम कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर जाणं भागच पडलं. पायऱ्या ३२५.

दारावर एक अक्राळविक्राळ धातूचा चेहरा आणि तोंडात कडी. मध्ययुगात खून करून पळालेला माणूस ही कडी वाजवायचा, मग त्याला आत ३७ दिवस आसरा मिळे. तेवढ्यात खटल्याला उभं राहायचं की देश सोडायचा, हे त्यानं ठरवायचं. मी चारचौघांत कडी हलवून "आसरा द्या हो!" म्हणालो. बायको चार पावलं लांब सरकली.

जिना गोल आणि अरुंद. अंगात दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी, खांद्याला थालीपिठांची पिशवी. शंभराव्या पायरीला गुडघे बोलायला लागले, दीडशेला मी भिंत धरली. मागे पंचाहत्तरीच्या एक आजीबाई. वाट द्यायला जागाच नाही. "बरं वाटतंय ना?" त्यांनी विचारलं.

"दगडावरच्या छिन्नीच्या खुणा बघतोय," मी म्हणालो.

तिथेच चुकलो. आजीबाई दगडांच्या वेड्या निघाल्या. १०९३ ला काम सुरू झालं आणि चाळीसेक वर्षांत छतही झालं, तेही दगडी, एकमेकींना छेदणाऱ्या फासळ्यांवर तोललेलं, हे त्यांनी मला जिन्यातच समजावलं. दम लागला की मी प्रश्न विचारायचो. असे सात प्रश्न झाले. नॉर्मन कमानींविषयी आज मला जे काही कळतं, ते सगळं धापेपोटी. "आधीचा मनोरा १४२९ मध्ये वीज पडून गेला, हा नंतरचा," असं त्या अडीचशेव्या पायरीवर म्हणाल्या, तेव्हा मात्र मी आठवा प्रश्न विचारला नाही.

वरून काय दिसलं? खाली जाणारा जिना.

खाली बायको चहा घेत बसलेली. "अहो, तुम्ही हलवलीत ती कडी नकली आहे. खरी आत संग्रहालयात ठेवलीय. पाटी वाचायची असते."

शेजारचा किल्ला राहिलाच. तिथे आता विद्यापीठाची मुलं राहतात. परतीला १९ दिवस होते, ते मी लेकीच्या तळमजल्यावर काढले.