आधी भूकंप, मग चोर

घराच्या विम्यात क्षेपणास्त्र चाचणी बसते, चोर बसत नाही. ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून देशभर एकाच साच्यात विकली जाते. आग, भूकंप, पूर, वादळ, दरड, दंगल, फुटलेली पाण्याची टाकी आणि हो, क्षेपणास्त्र चाचणी, एवढ्या संकटांत ती घराची राखण करते. त्याच यादीत चोरीही आहे. गृहस्थाची नजर त्या शब्दावर पडते आणि तो निर्धास्तपणे दिवाळीला गावी जातो.

शब्दापुढची अट तो दावा फेटाळल्याच्या पत्रातच पहिल्यांदा वाचतो. चोरी वरीलपैकी एखाद्या आपत्तीमुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली असावी.

म्हणजे चोराने सरळ उठून यायचं नाही. आधी आपत्तीने यायचं, भिंतीला भगदाड पाडायचं, घरच्यांना बाहेर काढायचं आणि मग चोराला वाट मोकळी करून द्यायची. त्यानेही आळस करायचा नाही. सातव्या रात्री कपाट रिकामं झालं तर दाव्याला जागा आहे, आठव्या रात्री झालं तर गृहस्थाचं नशीब. महापुराचं पाणी किती दिवस ठाण मांडतं, हे कोल्हापूर-सांगलीने २०१९च्या ऑगस्टमध्ये पाहिलं. पाणी उतरेपर्यंत, चिखल वाळेपर्यंत थांबण्याइतका जो चोर समजूतदार, तो गृहस्थाला बुडवणार. तेव्हा घरमालकाचं हित सांभाळणाऱ्या चोराने हवामानाचा अंदाज रोज ऐकावा, भूकंपाच्या बातमीवर लक्ष ठेवावं आणि निघण्यापूर्वी वॉचमनला विचारून घ्यावं, “काय हो मामा, इथं एवढ्यात काही जळलं-बिळलं का?” नाही म्हणाला तर मुकाट्याने परतावं. एवढं करूनही भागत नाही, कारण आपण आलो ते त्या आपत्तीमुळेच, एरवी आलो नसतो, हे सिद्ध व्हायला हवं. चोराने जाताना तशी चिठ्ठी ठेवली तर बरं. सहीनिशी.

सर्व्हेअर येतो तेव्हा हे सगळं फार सभ्यपणे चालतं.

“त्या आठवड्यात इथं काही घडलं होतं का? आग, स्फोट वगैरे?”

“नाही हो, देवाच्या कृपेने.”

“मग अवघड आहे.”

नुसत्या चोरासाठी घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, दागिन्यांचं संरक्षणही वेगळं मागून घ्यावं लागतं. तिथे भूकंप लागत नाही. तिथे सहसा बळजबरीने घुसल्याची खूण लागते. कडीवर ओरखडा नाही, कुलूप शाबूत, मग कसली घरफोडी? १८६०च्या दंड संहितेने उदाहरणच देऊन ठेवलं होतं: कुणाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिनेच दार उघडून आत शिरला, तरी ती घरफोडी. तोच माणूस पोलिसांच्या लेखी घरफोड्या, कंपनीच्या लेखी पाहुणा.

पण गृहस्थाने वेगळा विमा का नाही घेतला, असं विचारणाऱ्या शहाण्यांनी कर्जाच्या टेबलासमोर एकदा बसून पाहावं. पॉलिसी त्याने घेतलेली नसते, त्याला ती लागलेली असते. गृहकर्जाच्या गठ्ठ्यात पेन्सिलच्या फुल्या मारलेले कागद, प्रत्येक फुलीवर सही आणि मधेच, “हा घराचा विमा सर, प्रीमियम कर्जातच घालतो, तुम्हाला वेगळं काही भरायला नको.” त्याने विचारलेलंही असतं, चोरीबिरी झाली तर? “सगळं कव्हर आहे सर.” खरं म्हणजे त्या टेबलाला काळजी असते ती तारण ठेवलेल्या भिंतींची. भिंती पडल्या तर कर्ज बुडेल. बायकोचं मंगळसूत्र, मुलाचा लॅपटॉप, आईच्या पाटल्या यांवर कुणाचा बोजा चढलेला नसतो, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी एक वाक्य धड समजावून सांगत नाही. भिंती कोण चोरून नेतं? ज्या देशात विजेच्या तारा आणि गटाराची झाकणं जातात तिथेसुद्धा तिसऱ्या मजल्यावरची भिंत अजून कुणी पळवलेली नाही. आणि नेमकी तीच सुरक्षित करून माणसाच्या हातात ‘गृह रक्षा’ लिहिलेला कागद ठेवायचा, तोही दहा पानी, बारीक टायपात, सही झाल्यानंतर!

प्रीमियम कर्जात मिसळलेला असल्याने त्यावर व्याजही चालू आहे, कर्ज फिटेपर्यंत चालू राहील. चोराने काय काय नेलं, त्याची यादी निदान एफआयआरमध्ये तरी आहे.